हृदयरुग्णाचे घरी परतणे आणि खिशातील मोबाइल

(एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



हृदयविकाराचा झटका आलेल्या मनुष्यास इस्पितळात कसे पोहोचवावे, याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. स्टेमी-गोवा प्रकल्पामुळे ग्रामीण आरोग्य केंद्रात काढलेला हृदयाचा आलेख दूर बसलेले तज्ज्ञ अल्पावधीत वाचतात, रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच देता येते, आणि मग रुग्णाची रवानगी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात होते. आज मला बोलावयाचे आहे ते त्यानंतरच्या दिवसांविषयी. रुग्ण बरा होऊन घरी येतो तेव्हा त्याच्या हाती एक कागद आणि गोळ्यांची पिशवी असते. इस्पितळात ज्याच्या प्रत्येक ठोक्यावर यंत्राचे लक्ष होते, त्याच्यावर घरी लक्ष कोण ठेवणार?

हा प्रश्न किरकोळ नव्हे. रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णास रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात. तीन महिन्यांत छातीत दुखणे थांबते, चालणे-फिरणे सुरू होते, आणि 'आता मी बरा आहे, कशाला इतक्या गोळ्या?' असे मनात येते. डॉक्टरांना न विचारता त्या गोळ्या बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.

या कामी मोबाइलचा उपयोग होतो काय, याची पद्धतशीर परीक्षा ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झाली व तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या ७१० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटास नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्यास त्यांच्या जोडीला सहा महिने दर आठवड्यास चार साधे लेखी संदेश पाठविण्यात आले. औषध घ्या, चालावयास जा, विडी-सिगारेट सोडा, जेवणात हे ठेवा, ते टाळा, असा मजकूर. सहा महिन्यांनी पाहता नेहमीच्या उपचारांच्या गटात १०० पैकी ४३ जण धूम्रपान करीत होते, तर संदेशांच्या गटात २६. रक्तदाबाचा वरचा आकडाही या गटात सरासरीने सातआठ अंकांनी कमी होता. महागडे यंत्र नाही, इंटरनेट नाही; साध्या बटणांच्या मोबाइलवर येणारा मजकूर!

अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील डॉक्टर याच्याही पुढे गेले. झटका आलेल्या रुग्णास खाटेवर असतानाच त्यांनी एक अ‍ॅप शिकविले. गोळीची वेळ, रक्तदाबाची नोंद, पुढील तपासणीची तारीख, आजाराची माहिती हे सारे त्यात होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अ‍ॅप वापरणाऱ्या २०० रुग्णांपैकी ३० दिवसांत पुन्हा इस्पितळात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण ६.५ टक्के होते. पूर्वीच्या रुग्णांत ते १६.८ टक्के होते. तुलना पूर्वीच्या रुग्णांशी आहे, तेव्हा सारे श्रेय अ‍ॅपला देता येणार नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांच्यापाशी योग्य मोबाइल नव्हता त्यांना तो इस्पितळाने उसना दिला.

आपल्याकडे अडचण नेमकी येथेच आहे. झटका येतो वडिलांना. चांगला मोबाइल असतो मुलाकडे, आणि मुलगा आखातात किंवा जहाजावर. शिवाय संदेश इंग्रजीत. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे. ते रोज सकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहितात. रविवारी नात त्या पानाचे छायाचित्र काढून बोटीवरील मुलास पाठविते. आकडा चढलेला दिसला की मुलगा तिकडून फोन करून त्यांना आरोग्य केंद्रात धाडतो. याला कोणी ऑनलाइन साधन म्हणणार नाही कदाचित, पण माझ्या मते ते उत्तम साधन आहे, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे. शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे, की आजोबांच्या गोळ्यांचा गजर लावणे आणि आलेला संदेश वाचून दाखविणे ही कामे आपल्या विद्यार्थ्यांवर सोपवावीत.

आता सावधगिरीविषयी. मोबाइलवर बोट ठेवा, रक्तदाब कळेल, असे सांगणारे एक अ‍ॅप परदेशात लाखाहून अधिक लोकांनी विकत घेतले होते. बाल्टिमोरच्याच संशोधकांनी २०१६ साली ते तपासले, तेव्हा रक्तदाब चढलेल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना ते 'सर्व ठीक' असे सांगत असल्याचे आढळले. दंडावर पट्टा बांधावयाचे यंत्रच घ्यावे. पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाय जमिनीवर टेकवून मोजावे. मनगटी घड्याळात हृदयाचा आलेख उमटतो खरा, परंतु झटका आला आहे की नाही, हे ते घड्याळ सांगू शकत नाही.

घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळावा म्हणून केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा एप्रिल २०२० मध्ये रुग्णांसाठी खुली झाली. गोळीने पित्त होते, खोकला येतो, अशा तक्रारींसाठी ती उपयुक्त आहे. मात्र छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, एकाएकी धाप यांपैकी काहीही जाणवल्यास पडद्यावर डॉक्टरांची वाट पाहू नये, १०८ लावावा. स्त्रियांत व मधुमेही रुग्णांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

सभागृहाबाहेर आरोग्य सेविका बसल्या आहेत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी इस्पितळाचा कागद व मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जावे. गोळ्यांच्या वेळांचे गजर त्या लावून देतील. कागद आज आणला नसल्यास सोमवारी सकाळी त्या आरोग्य केंद्रात भेटतील.