छोटी अणुभट्टी, मोठे प्रश्न

(दिल्ली परिसरातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

रेल्वे आणि टपाल कामगारांच्या सभेत अणुभट्टीचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. रेल्वेने अणुविजेसाठी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनकडे विचारणा केली आहे, हे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. आपली इंजिने ज्या विजेवर धावतील ती कोण, कोणत्या अटींवर तयार करणार, हा आपलाही प्रश्न आहे.

छोटी मॉड्युलर अणुभट्टी म्हणजे साधारण ३०० मेगावॅटपर्यंतची. कारखान्यात जसे एका नमुन्याचे रेल्वेडबे तयार होतात, तसे तिचे भाग तयार करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात यासाठी २० हजार कोटी रुपये जाहीर झाले. २०३३ पर्यंत निदान पाच देशी भट्ट्या चालू करायच्या आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात २०० आणि ५५ मेगावॅटच्या भट्ट्यांचे आराखडे होत आहेत. त्यांतल्या पहिल्या भट्ट्या आपल्या तारापूरला उभारायचे ठरले आहे. शिवाय २२० मेगावॅटच्या जुन्या देशी भट्टीला 'भारत स्मॉल रिॲक्टर' हे नाव देऊन डिसेंबर २०२४ मध्ये खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले गेले. जागा आणि भांडवल त्यांचे, चालवायचे काम कॉर्पोरेशनचे.

हे सारे स्वस्त पडेल, असे सांगतात. रशियाची तरंगती भट्टी २०२० पासून व्यावसायिकरीत्या वीज देते, चीनची छोटी भट्टी २०२३ च्या अखेरीस व्यावसायिकरीत्या सुरू झाली. पण अमेरिकेत आयडाहोचा प्रकल्प खर्च वाढल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द करावा लागला. स्वस्ताई अजून सिद्ध व्हायची आहे.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. पण २२० मेगावॅटची भट्टी म्हणजे काय, हे पाहायला लांब जायला नको. याच राजधानी क्षेत्रात, बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेकाठी नरोरा आहे. तिथे अशा दोन भट्ट्या आहेत. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन गळला, आग लागली. पर्यायी विजेच्या केबलीही मुख्य केबलींबरोबरच टाकलेल्या होत्या. सगळ्या एकदम जळाल्या. सुमारे १७ तास केंद्र अंधारात होते. नियंत्रण कक्षात धूर भरला. तेव्हा कामगार हातात बॅटऱ्या घेऊन इमारतीवर चढले, हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉनचे द्रावण सोडले. आग विझवायचे डिझेल पंप लावून पाणी पोचवले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. सगळी यंत्रे बंद पडल्यावर भट्टी वाचवली ती आपले काम अंगी मुरलेल्या कामगारांनी. ठेक्यावर आज आलेला नि उद्या जाणारा माणूस त्या अंधारात कोणती झडप शोधणार होता?

आणि कायदा काय करतो? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर करून खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्र खुले केले. २०१० च्या कायद्यात सदोष यंत्रे पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करता येत होती. ती तरतूद गेली. वीजकेंद्राच्या चालकावर पूर्वी १५०० कोटींची जबाबदारी होती. आता सर्वांत मोठ्या भट्टीला ३००० कोटी, तर सर्वांत लहान भट्टीला १०० कोटी. भट्टी लहान म्हणून भरपाईही लहान! भाजलेल्या कामगाराची जखम काय मेगावॅटवर मोजायची?

म्हणून साथींनो, आमच्या मागण्या साध्या आहेत. भट्टी चालवणारा आणि दुरुस्त करणारा कामगार कायम असावा. ठेक्यावरील प्रत्येक कामगाराला मिळालेल्या किरणोत्सर्गाची नोंद ठेवावी व ती त्याच्या हाती द्यावी. सुरक्षा समितीत कामगारांचा निवडलेला प्रतिनिधी असावा. सदोष माल देणाऱ्यावरची जबाबदारी पुन्हा कायद्यात आणावी.

खासगीकरण रेल्वेत आले, टपालात आले, ते असेच छोटी-छोटी नावे घेऊन. या मागण्या आपापल्या शाखेच्या सभेत मांडा आणि ठराव करून फेडरेशनकडे पाठवा.

कामगार एकजूट झिंदाबाद!