गोडी मोजायची कशी?



आपल्यापैकी अनेकांच्या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे. आमच्याही घरी आहे. एका ईदला मी अब्बांसाठी बाजारातून 'बिनसाखरेची' बर्फी आणली. तीत सुक्रालोज होते. हा पदार्थ साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड असतो, एवढे मी वाचले होते. अब्बांनी निर्धास्तपणे चार वड्या खाल्ल्या. नंतर रक्त तपासले, तर साखर चांगलीच वाढलेली! चूक माझी होती. आकडा मला पाठ होता, त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

तो अर्थ आता पाहू. उंची फुटपट्टीने मोजतात, ताप थर्मामीटरने. गोडी ठरवायला मात्र शेवटी माणसाची जीभच लागते. साखरेची गोडी १ मानतात आणि इतर पदार्थांची तिच्याशी तुलना करतात.

समजा, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर विरघळवली. दुसरीकडे ॲस्पार्टेमची कमी-अधिक तीव्रतेची द्रावणे केली. चाखणाऱ्यांना दोन-दोन पेले देऊन विचारायचे, 'यांत अधिक गोड कोणता?' पेल्यांवर नाव नसते, फक्त खुणेचा क्रमांक असतो. कारण नाव कळले की जीभ निःपक्षपाती राहत नाही. दोन्ही पेय सारखेच गार किंवा कोमट हवे. प्रत्येक घोटानंतर साध्या पाण्याने चूळ भरायची. निम्म्यांना साखरेचा पेला आधी, निम्म्यांना नंतर. जिथे निम्मे लोक एका बाजूला व निम्मे दुसऱ्या बाजूला कौल देतात, तिथे गोडी सारखी झाली असे समजायचे. त्या द्रावणात लिटरमागे २५० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम निघाले, तर ५०,००० भागिले २५०, म्हणजे २०० पट.

पण हा आकडा अढळ नसतो. तुलनेचे साखरपाणी अधिक दाट घेतले तर सॅकरिनची पट कमी भरते, कारण त्याचा कडवटपणाही जिभेला जाणवू लागतो. म्हणून 'सुमारे' हा शब्द विसरू नका.

आणखी एक गोष्ट. ॲस्पार्टेमच्या एका ग्रॅममध्ये साखरेइतक्याच, म्हणजे सुमारे ४ कॅलरी असतात. बचत होते ती चिमूटभर पुरते म्हणून. ते फार वेळ उकळले तर त्याची गोडी कमी होते. तेव्हा खीर चुलीवरून उतरवल्यावर घालावे.

मग अब्बांची साखर का वाढली? 'पट' हा आकडा फक्त गोडी सांगतो. बर्फीतल्या माव्यात दुधाची साखर होतीच, आणि तुपाच्या कॅलरीही होत्या. त्या आकड्यात यांतले काहीच मोजलेले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, कोणताही आकडा समोर आला की दोन प्रश्न विचारा : हा कसा मोजला? आणि यात काय मोजलेले नाही? पालकांनो, डब्यावरची मोठी अक्षरे वाचाल तशी मागची बारीक अक्षरेही वाचा, आणि रुग्णाने काय व किती खावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.