आडनावातली बाई



मी सातवी शिकलेली. मुलाच्या शब्दकोशावर ‘वेब्स्टर’ हे नाव पाहिले आणि त्याचा अर्थ विचारून घेतला. जुन्या इंग्रजीत ‘स्टर’ हा बाईचा प्रत्यय. विणणारी ती वेब्स्टर, पाव भाजणारी ती बॅक्स्टर. पुढे हे शब्द पुरुषांनाही लागले, आडनावे झाली आणि बापाकडून मुलाकडे गेली. १८२८ साली अमेरिकेत मोठा शब्दकोश काढणारे नोहा वेब्स्टर, त्यांचे आडनाव हेच. सूत कातणारी ती ‘स्पिन्स्टर’. तो शब्द मात्र बाईकडेच राहिला, पण अर्थ झाला बिनलग्नाची!

काम बाईचे, नाव वंशाचे. माझ्या आईची गोधडी घरात आहे. ती पांघरताना मुलांना मी तिचे माहेरचे नाव सांगते.