चुलीतली उष्णता जाते कोठे?

चूल पेटली की स्वयंपाक होतो, एवढे आपण जाणतो. परंतु जळणातील उष्णता अन्नात किती उतरली आणि वाऱ्यावर किती गेली, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. तो मांडला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने. प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली तेथे ‘अस्त्र’ हे केंद्र निघाले. विज्ञान खेड्याच्या कामी यावे, हा त्याचा हेतू. खेड्यांची पाहणी करता असे आढळले की, तेथील ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा चुलीत जातो. आणि उघड्या चुलीत उष्णतेच्या १०० भागांपैकी कित्येकदा जेमतेम १० भाग भांड्याला लागतात.

यातूनच पुढे ‘अस्त्र ओले’ तयार झाली. ओले म्हणजे कानडीत चूल. तिच्यात लाकडे जाळीवर जळतात, त्यामुळे हवा खालून मिळते. पहिल्या भांड्याचे बूड ज्वाळेच्या प्रारणाने तापते. मग तप्त वायू दुसऱ्या व तिसऱ्या भांड्याखालून वाहत जाऊन धुराड्याने बाहेर पडतात. भांड्याच्या धातूतून अन्नापर्यंत उष्णता पोचते ती वहनाने. आपल्या चुलीशेजारच्या वैलात हीच युक्ती नाही काय? आजीला ती ठाऊक होती. शास्त्राने तिला मोजमाप दिले.

वहन, अभिसरण, प्रारण हे शब्द चौदा-पंधरा वर्षांची मुले परीक्षेपुरते पाठ करतात. त्यांना स्वयंपाकघरात न्यावे. सारखे पाणी, सारखी आच. एकदा झाकण ठेवून, एकदा न ठेवता, उकळी येण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहू द्यावे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथे पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळते. एकदा उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवा, पाणी अधिक तापत नाही; केवळ वाफ वाढते. डाळ त्याने लवकर शिजत नाही, जळण मात्र लवकर संपते.

घरोघर गॅस आला, तरी हा धडा जुना झालेला नाही. जिथे अजून लाकूड जळते, तिथे वाया गेलेल्या प्रत्येक ढलपीमागे कोणा मुलीची रानातली पायपीट असते, आणि धुराने चुरचुरणारे आईचे डोळे असतात. मुलांनी उष्णतेचा हिशेब शिकायचा तो याकरिता.