पाहायचे राहून गेलेले सिनेमे

आजच्या भागात पाहुणे नाहीत. मी एकटीच बोलणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. विषय आहे जुने, नावाजलेले सिनेमे. म्हणजे असे सिनेमे, जे आपल्या सगळ्यांना माहीत असतात, पण बघितलेले नसतात.

यात एक गंमत आहे बघा. 'संत तुकाराम' म्हटलं की आपण मान डोलावतो. 'श्यामची आई' म्हटलं की साने गुरुजी, आचार्य अत्रे, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक, हे सगळं धडाधड सांगता येतं. 'सामना' म्हटलं की निळू फुले आणि डॉ. लागू. पण यातला एखादा सिनेमा पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत, मध्ये न उठता, कधी बघितलाय का? माझ्या ऑफिसातल्या चार मराठी डोक्यांना विचारलं. एकाने 'सामना'ची क्लिप बघितली होती. बाकी तिघांनी लहानपणी टीव्हीवर 'काहीतरी चालू होतं' एवढंच सांगितलं. माझंही तेच होतं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे कशाचीही यादी करायची खोड आहे. वर्षात 52 आठवडे, म्हणून 52 सिनेमे. दर शनिवारी सकाळी एक. यादी केली आणि वर तीन नियम लिहिले.

पहिला नियम, वेग वाढवायचा नाही. आमच्या पिढीला दीडपट वेगाने व्हिडिओ बघायची सवय लागलीय, पण ज्या सिनेमात माणसं गप्प बसतात, तो दीडपट वेगाने बघितला तर ते गप्प बसणंच निघून जातं. दुसरा नियम, फोन स्वयंपाकघरात. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: सिनेमा संपला की कुणाचंही मत वाचायच्या आधी आपल्याला काय वाटलं ते वहीत लिहायचं. दहा ओळी, मराठीत.

मराठीत का, तर माझा दिवस इंग्रजीत जातो. मीटिंगा, ईमेल, कोडमधल्या सूचना, सगळं इंग्रजी. मराठी उरते ती आईशी फोनवर बोलायला आणि रिक्षावाल्याशी भांडायला. एखाद्या गोष्टीबद्दल नीट विचार करून मराठीत चार वाक्यं लिहायची वेळ दहावीनंतर आलीच नव्हती. पहिल्या शनिवारी दहा ओळींना पाऊण तास लागला. 'छान' सोडून दुसरं विशेषण सुचेना.

सुरुवात प्रभातपासून केली. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती प्रभातचीच जागा. मी त्या भागातून कित्येक वर्षं ये-जा केली आहे. प्रभात रोडवरच्या सगळ्या गल्ल्या मला पाठ आहेत, पण रस्त्याला ज्यांच्यामुळे नाव पडलं त्यांचं काम बघितलेलं नव्हतं. म्हणून पहिला मान त्यांचा.

'संत तुकाराम', 1936. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे सगळं पुस्तकात मिळतं. पुस्तकात न मिळालेली एक गोष्ट मला पडद्यावर दिसली: हा सिनेमा जितका तुकारामांचा आहे तितकाच आवलीचा आहे.

विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम शांत, हसरे, कुठल्याच गोष्टीचं ओझं नसलेले. ते गातात, देऊन टाकतात, विसरून जातात. आणि त्याच घरात आवली आहे. पोरं भुकेली आहेत, डब्यात काही नाही, आणि नवरा विठ्ठलाशी बोलतोय. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती सरळ देवळात जाते आणि विठोबावर पायातली वहाण उगारते. 1936 मध्ये! संतपटात! आज कुणी असं दृश्य लिहिलं तर प्रदर्शनाच्या आधीच किती गहजब होईल याचा विचार करा. तेव्हा मात्र लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला, कारण ती बाई देवाचा अपमान करत नाहीये. ती देवाशी घरच्या माणसासारखी भांडतेय. हे आपल्याकडे वारीत चालणाऱ्या कुठल्याही आजीला समजावून सांगावं लागत नाही.

आवली झालेल्या गौरीबाई प्रभातमध्ये आधी किरकोळ कामं करायच्या. त्यांचा चेहरा नटीचा वाटतच नाही, शेजारच्या वाड्यातल्या बाईचा वाटतो. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात आणि ती पोरांपाशी, चुलीपाशी मागे राहते. मी वहीत लिहिलं, 'ज्याला जायचं तो विमानातून गेला. उद्याच्या भाकरीचं काय, हा प्रश्न जमिनीवरच राहिला.' पुढे वाचलं तेव्हा कळलं की आवलीबद्दल जाणकारांनी बरंच लिहिलेलं आहे. पण ते आधी वाचलं असतं तर मी त्यांच्या डोळ्यांनीच सिनेमा बघितला असता. आता माझं म्हणणं माझं आहे, आणि त्यांचं वाचताना मला त्यांच्याशी बोलल्यासारखं वाटतं.

याच सिनेमातली अजून एक गोष्ट सांगते. त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं आहे. ते इतकं जमून गेलं की पुष्कळ लोकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. चित्रपटासाठी ठरल्या वेळेत लिहून दिलेलं गाणं, आणि ते लोकांच्या तोंडी अभंग म्हणून बसतं! याहून मोठी पावती काय असते?

पुढचा सिनेमा 'कुंकू', 1937. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची. हा मी आईबरोबर बघितला. आता संदर्भ सांगायला हवा. मी अठ्ठाविशीची. घरात सध्या बायोडेटांचा हंगाम आहे. दर रविवारी कुणाचा तरी फोटो येतो आणि आई अगदी सहज आवाजात विचारते, 'बघितलास का गं?' अशा दिवसांत आम्ही दोघी 'कुंकू' लावून बसलो.

कथा अशी. नीरा अनाथ, मामाकडे वाढलेली. मामा पैसे घेऊन तिचं लग्न एका म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावून देतो. नवरदेव कोण हे तिला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पण ती त्याला नवरा मानायला नकार देते. रडून नाही, विहिरीत उडी मारून नाही. त्याच घरात राहून, रोज, ताठ मानेने नकार देते. शांता आपट्यांनी ही नीरा केली आहे, आणि तिच्या डोळ्यांत जो राग आहे तो नव्वद वर्षांत जराही शिळा झालेला नाही.

या सिनेमात वाद्यांचं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. जे ऐकू येतं ते घरातलं: पावलं, दारं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. आणि ते घड्याळ म्हणजे म्हाताऱ्याचं वयच. त्याला ते सहन होत नाही. आज आपल्या मालिकांत कुणी दचकलं की तीन वेळा ढण्ण वाजतं. इथे कुणी काही वाजवत नाही, आणि तरी आम्ही दोघी दचकत होतो.

काकासाहेबांच्या विधवा मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलं आहे. रँग्लर परांजप्यांची मुलगी आणि सई परांजप्यांची आई. संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्रत्यक्षात काम करणारी बाई पडद्यावरही समाजकार्यकर्ती होऊन येते आणि नीरेच्या बाजूने उभी राहते.

शेवटी काकासाहेबांना पश्चात्ताप होतो. ते पत्र लिहून नीरेला मोकळं करतात आणि स्वतःचं आयुष्य संपवतात. इथे माझं सिनेमाशी भांडण झालं. वहीत मी लिहिलं, 'दीड-दोन तास नकार नीरेचा होता. सुटका मात्र त्याच्या मर्जीने झाली.' आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'अगं, त्या काळी एवढं दाखवलं हेच खूप झालं.' मी म्हटलं, 'हो, खूपच झालं. पण आता पुरे नाही ना?' त्यावर ती उठली आणि कुकर लावायला गेली. त्या रविवारी फोटो आला. तिने तो पुढे सरकवला आणि म्हणाली, 'नको असेल तर सरळ नको सांग. कारण द्यायचं नाही.' आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. सिनेमामुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याआधी आम्ही दोघी या विषयावर इतकं सरळ बोललोच नव्हतो.

आता तुमच्यातले काही म्हणतील, जुने सिनेमे बघवत नाहीत. आवाज खरखरतो, नट ओरडून बोलतात, सगळं नाटकी वाटतं. खरं आहे. यावर माझ्या कामातलं एक उदाहरण देते. आम्हाला कधीकधी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा कोड हातात येतो. नवीन मुलं लगेच म्हणतात, हा कुणी लिहिलाय? जाणती माणसं आधी विचारतात, तेव्हा हाताशी काय होतं? सिनेमाचंही तसंच. त्या नटांपैकी पुष्कळजण रंगभूमीवरून आलेले. माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांची सवय. पागनीस स्वतःच गाणारे. बोलपट सुरू होऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली; 'आलम आरा' 1931 चा, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' 1932 चा. हे लक्षात ठेवून पहिली पंधरा मिनिटं काढा. कान बसतो. मग नाटकीपणा दिसेनासा होतो आणि माणसं दिसायला लागतात.

यादीतले परदेशी सिनेमे मी जोडीने बघते. उदाहरणार्थ, डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज', 1948. युद्धानंतरचं रोम. भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी, तिच्यासाठी सायकल लागते आणि ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते. बाप आणि पोरगा शहरभर ती शोधत फिरतात. मुख्य काम करणारा माणूस नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. पुढच्या शनिवारी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन', 1953. जमीन वाचवायला कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा बलराज साहनींचा शंभू, त्याच्याबरोबरही पोरगा. पहिला बघून झाल्यावर दुसरा कुठून आला ते कळतं, आणि आपल्या मातीत येऊन त्याचं काय झालं तेही दिसतं. या दोन शनिवारांनंतर आमच्या सोसायटीच्या गेटवर कुणी डिलिव्हरीवाला बंद पडलेल्या स्कूटरपाशी फोन कानाला लावून उभा असला की मला रोमची ती सायकल आठवते. वाहन गेलं की पोट गेलं, हे गणित अजून तेच आहे.

अजून एक मुद्दा, आणि हा जरा गंभीर आहे. 'नंतर बघू' म्हणून ठेवलेली प्रत्येक गोष्ट टिकून राहतेच असं नाही. आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले आज मोजकेच शिल्लक आहेत, तेही पुष्कळसे तुकड्या-तुकड्यांत. पहिला बोलपट 'आलम आरा' तर आज उपलब्धच नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, आगीचा भडका उडेल अशी. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून ती काढून घ्यायला रिळं विकली जायची. 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि मोलाचा ठेवा गेला. फाळक्यांच्या सिनेमांचे जे अवशेष आपण बघू शकतो, ते पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने 1960 च्या दशकापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी दारोदार फिरून रिळं गोळा केली म्हणून. त्यांच्यावरचा 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट मिळाला तर जरूर बघा.

आणि रिळांइतकीच बघणारी माणसंही जपायला हवीत. 'श्यामची आई' 1953 मध्ये थिएटरात बघितलेला माणूस आज ऐंशीच्या घरात असेल. तुमच्या घरात, शेजारी, चाळीत असा कुणी असेल तर त्यांच्या शेजारी बसून तो सिनेमा बघा. कोणत्या दृश्याला थिएटर रडलं, तिकीट केवढ्याला होतं, कोण कोण बरोबर होतं, हे कुठल्याही संग्रहालयात मिळणार नाही.

माझ्या 52 पैकी आतापर्यंत 19 झाले. मध्ये दोन शनिवार ऑफिसने खाल्ले. पुढचा आहे 'सिंहासन', 1979. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. आत्ताच्या राजकारणाच्या बातम्या बघून झाल्यावर तो कसा वाटतो याची उत्सुकता आहे.

तुम्ही 52 करू नका. एकच निवडा. ज्याचं नाव तुम्ही आजवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय आणि जो कधीच बघितला नाही, तो. फोन स्वयंपाकघरात ठेवा, शेवटपर्यंत बघा आणि दहा ओळी लिहा. मग त्या मला पाठवा. आवडला नाही तर तसंही लिहा, पण बघून लिहा. भेटू पुढच्या भागात.