सहा कलदार, सात हाली : बट्टा कोणाचा?

(मंद्रूप येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चलनाचा विनिमयदर हा बँकांचा, आयात-निर्यातदारांचा आणि अर्थखात्याचा विषय आहे, खेड्यातील माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, असा एक समज दृढ झालेला आहे. सोलापूर जिल्ह्याने तरी तो बाळगू नये. या जिल्ह्याच्या सीमेवर कित्येक पिढ्या दोन रुपये शेजारी शेजारी नांदत होते. मंद्रूप, सोलापूर, बार्शी या बाजूस इंग्रजी अमलाचा कलदार. तुळजापूर, नळदुर्ग, गुलबर्गा त्या बाजूस निजामाचा हाली सिक्का. परकीय चलनाचा प्रश्न समजून घेण्यासाठी लंडन गाठण्याचे कारण नाही. तो तुळजापूरच्या वाटेवरच होता.

स्थिरावलेला सरकारी दर असा होता : १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजेच सहा कलदारांचे सात हाली. या प्रमाणाचे मूळ चांदीत होते. कलदारात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे, उस्मानिया रुपयात सुमारे १४१ ग्रेन. गुणोत्तर जवळपास सातास सहाचेच पडते. परंतु १८९३ साली इंग्रज सरकारने खाजगी चांदीसाठी आपल्या टांकसाळी बंद केल्या आणि पुढे रुपयाची किंमत पौंडाशी बांधली. कलदार पौंडाला बांधलेला आणि हाली कलदाराच्या दावणीला, अशी ही साखळी झाली. निजामाची मुद्रा नाण्यावर होती, दोरी मात्र लंडनच्या हातात होती.

ही दोरी कशी आवळली जाई, याचे उदाहरण १९२७ साली घडले. त्या वर्षी रुपयाचा दर १८ पेन्स असा कायद्याने ठरला. १६ पेन्सांचा जुना दर कायम ठेवावा, ही गिरणीमालकांसह अनेक हिंदी पुढाऱ्यांची मागणी फेटाळली गेली. हिशेब साधा आहे. १६ पेन्स दराने एका पौंडाचे १५ रुपये होतात. १८ पेन्स दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. लिव्हरपूलच्या बाजारात एका पौंडास विकल्या गेलेल्या कापसाचे हालीत रूपांतर केले, तर पहिल्या दराने साडेसतरा रुपये होत. दुसऱ्याने साडेपंधरांच्या किंचित वर. कापूस तोच, घाम तोच. सारा आणि सावकाराचे कर्ज यांचे आकडेही तेच. लँकेशायरचे कापड मात्र स्वस्त झाले, आणि विलायतेस धाडावयाच्या खर्चापोटी सरकारला कमी रुपये मोजावे लागले.

हे झाले मोठ्या दराचे. त्याखाली एक छोटा दर असतो, आणि गरिबाची गाठ त्याच्याशीच पडते. सीमेपलीकडचा शेतकरी सोलापूरच्या बाजारात माल आणी, तेव्हा आडत्याची पट्टी कलदारात होई. घरी सारा मात्र हालीत भरावयाचा असे. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर सोलापुरात मजुरी कलदारात घेई आणि गावी हाली पोचवी. भवानीच्या दर्शनास जाणाऱ्यालाही नाणे बदलावे लागे. या प्रत्येक ठिकाणी मध्ये सराफ होता आणि सराफाचा बट्टा होता. ज्याच्याजवळ दहा हजार असत तो भाव ठरवून घेई. ज्याच्या मुठीत दहा असत त्याला सांगितलेला भाव मान्य करावा लागे. सहाचे सात झाल्याने कोणी श्रीमंत होत नसे. त्या सातांतून कापले काय जाते, हाच खरा प्रश्न होता.

१९४७ च्या अखेरीस हा प्रश्न राजकीय झाला. जैसे थे करारावरील शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने हिंदी चलन आपल्या राज्यात बेकायदा ठरविले. चलन हे सार्वभौमत्वाचे निशाण म्हणून वापरले गेले. हाल झाले ते सीमेवरील व्यवहाराचे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, १९५० मध्ये भारतीय रुपया तेथे चालू झाला. तरी हाली पूर्णपणे रद्द झाला तो १९५९ साली. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, तेव्हा तिकडच्या माणसाला काही काळ हाली, कलदार आणि दशमान असे तीन हिशेब सांभाळावे लागले.

स्थित्यंतराच्या काळात दर तोच, सातास सहा, ठेवला होता. तरीही एक आणा हालीची वस्तू कलदारात घ्यावयाची तर साडेतीन पैशांहून किंचित कमी द्यावयास हवेत. असे नाणे नाही. मग तीन पैसे द्यावयाचे की चार, हे अर्थशास्त्राचे पुस्तक ठरवीत नाही. तागडी ज्याच्या हाती असते तो ठरवितो.

पुढील इतिहास परिचित आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले. १९९३ पासून दर मुख्यतः बाजारावर सोपविला आहे. महाग रुपया ही राष्ट्राची शान आणि स्वस्त रुपया ही नामुष्की, ही मोजपट्टी येथे उपयोगाची नाही. १९२७ चा महाग रुपया शेतकऱ्याच्या मुळावर आला. उलट डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की पडत्या दरातला निर्यातदाराचा नफा हा किमतींच्या मागे रेंगाळणाऱ्या मजुरीतून निघतो. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. डॉलर वधारला की निर्यातदाराच्या हाती अधिक रुपये पडतात. त्याच वेळी आयात तेल महागून विणकराचा घरखर्च वाढतो. वाढलेल्या रुपयांपैकी किती मजुरीत उतरले, हे विचारल्याखेरीज अवमूल्यन चांगले की वाईट, हा वाद पोकळच राहतो.

म्हणून कार्यकर्त्याने दराचा आकडा ऐकून थांबू नये. दर दिल्लीत ठरो, लंडनमध्ये ठरो वा बाजारात. बट्टा कोणी भरला आणि कोणाच्या गल्ल्यात गेला, हे गावोगाव हिशेब मांडून दाखविणे हे त्याचे काम आहे.