मारिओ झागालो : खेळाडू आणि प्रशिक्षक

१९५० साली फुटबॉल विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलचा पराभव केला, तेव्हा बंदोबस्तावर तैनात असलेला एक तरुण शिपाई तो राष्ट्रीय शोक पाहत होता. तेच मारिओ झागालो १९५८ व १९६२ चे विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत डाव्या बगलेवर खेळले, आणि चेंडू गमावताच मागे धावून बचावफळीस साह्य करण्याची जी दक्षता त्यांनी अंगी बाणवली, तीच माझ्या मते त्यांच्या प्रशिक्षकपदाची खरी पूर्वतयारी होय. १९७० च्या स्पर्धेस जेमतेम काही महिने उरले असता संघाची मुखत्यारी त्यांच्याकडे आली. पेले, जर्झिन्यो, रिव्हेलिनो अशा स्वतंत्र प्रज्ञेच्या खेळाडूंना एका रचनेत सामावून त्यांनी मेक्सिकोत अंतिम सामन्यात इटलीवर ४-१ असा विजय मिळवला. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा उभय नात्यांनी विश्वचषक जिंकणारे ते पहिलेच.